जुनी खुर्ची आणि कादंबरी



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून काही मंडळी हसली, असे माझ्या कानावर आले आहे. कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की त्याने वेतन, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. त्याने कादंबरी वाचण्याच्या आणि घरातील जुनी खुर्ची उजळण्याच्या गोष्टी का सांगाव्यात? पण हा विषय मी विरंगुळा म्हणून घेतलेला नाही. कामाचे तास कमी करून मागायला आम्ही माणसांना शिकवले. मिळालेल्या तासांचे करायचे काय, हे मात्र कधी सांगितले नाही. ही आमच्या चळवळीतील उणीव आहे. आज तिच्याविषयीच थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम हा फावला वेळ आला कोठून, ते पाहू. तो कोणी दान दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे चालविलेल्या खटपटीनंतर. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ साली तो अकरा तासांवर आला, १९३४ च्या कायद्याने दहांवर, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. बारांवरून नऊ म्हणजे तीन तास. ते मिळवायला ३७ वर्षे लागली. इतक्या महागाची वस्तू आपण कशी वापरतो, हे पाहायला नको काय?

योगायोग असा की ज्या १८९० साली गिरणीत रविवारचा भोंगा थांबला, त्याच साली पुण्यात हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. एकीकडे रिकामा वेळ जन्माला आला आणि दुसरीकडे तो सत्कारणी लावण्याचे साधन. दोघांची गाठ पडायला मात्र फार वर्षे गेली.

येथे माझ्या घरची हकिगत सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील साच्यावर काम करीत. पहिला महिनाभर त्यांना घरी पाहून आम्हा मुलांना आनंद झाला. पुढे मात्र ते दाराशी बसून नुसते रस्त्याकडे पाहू लागले. बेकारीचा वेळ आणि विश्रांतीचा वेळ यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, हे मला तेथे कळले. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजोबांनी जुन्या बाजारातून आणलेली सागवानी आरामखुर्ची होती. चाळीतच एक सुतार राहत. ते एके दिवशी वडिलांना म्हणाले, “अहो, नुसते बसून काय राहता? ती खुर्ची बाहेर काढा, मी दाखवतो.” आठ-दहा दिवस दोघे गॅलरीत त्या खुर्चीला लागले होते. पुढे वडिलांनी वाचनालयातून कादंबऱ्या आणून चाळीतल्या चार माणसांत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्याने पगार आला नाही, गेलेली नोकरीही परत मिळाली नाही. पण वडील रस्त्याकडे पाहात बसण्याचे थांबले, हे मी डोळ्यांनी पाहिले.

आता खुर्चीची गोष्ट नीट समजावून घेऊ. जुने सामान दिसायला काळे, मेणचट आणि डुगडुगते झाले की आपण ते भंगारवाल्याला देतो. वास्तविक बहुधा लाकूड शाबूत असते. वर साचलेला असतो तो धूळ, तेलकटपणा आणि काळवंडलेल्या पॉलिशचा थर. म्हणून पहिले काम पाहण्याचे. खुर्ची उलटी करावी. सांधे कोठे हलतात, कीड लागून बारीक भोके पडली आहेत काय, त्यांतून ताजा भुसा पडतो काय, हे पाहावे. ताजा भुसा पडत असेल तर आधी कीड मारावी, मग पुढचे.

हलणाऱ्या सांध्यावर खिळा ठोकू नये. खिळ्याने लाकूड फाटते आणि सांधा कायमचा बिघडतो. जुन्या कारागिरांनी एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खोबणीत बसवून सरसाने चिकटवलेले असते. हा सरस कोमट पाण्याने सैल होतो. सांधा हळूच सोडवावा, जुना सरस पुसून आणि खरवडून काढावा, कारण त्याच्यावर नवा डिंक धरत नाही. लाकूड वाळले की फेव्हिकॉल लावून सांधा बसवावा. शिकंजा नसेल तर सुतळीने आवळावे, सुतळीत काडी घालून पीळ द्यावा आणि पुरता एक दिवस हात लावू नये.

मग पॉलिश. खुर्चीच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर स्पिरिटचा बोळा फिरवून पाहावे. थर मऊ होऊन चिकट झाला, तर ते जुने लाखेचे पॉलिश होय. ते फार बिघडले नसेल तर सगळे खरवडण्याची गरज नाही. लाखेचा नवा थर जुन्याशी एकजीव होतो. स्पिरिटने काहीच झाले नाही, तर तो तैलरंग किंवा व्हार्निश समजावे. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा आली ती २०१७ च्या अखेरीस. तेव्हा असा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, तोंडाला फडके बांधले तरी तेवढ्याने भागत नाही म्हणून चांगला मास्क लावावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

लाकूड उघडे करायचे असेल तर ८० नंबरच्या पॉलिशपेपरने सुरुवात करून १२०, मग २२० नंबरपर्यंत यावे. हात लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चालवावा. आडवा घासला तर ओरखडे पडतात आणि ते पॉलिशखाली अधिकच उठून दिसतात. लाख ही एका बारीक किड्याने पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांच्या फांद्यांवर तयार केलेली वस्तू आहे. तिचे पातळ पापुद्रे मिळतात, त्यांना चपडी म्हणतात. पाव लिटर स्पिरिटमध्ये ५०-६० ग्रॅम चपडी काचेच्या बाटलीत रात्रभर भिजू द्यावी आणि फडक्यातून गाळावी. कापसाचा बोळा जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात बांधून त्याची पुरचुंडी करावी. तिच्यात पॉलिश घेऊन, बाहेरून जवसाच्या तेलाचे बोट लावून, गोल गोल फिरवावी. हात पृष्ठावर मध्येच थांबवू नये. थर पातळ द्यावेत आणि दोन थरांमध्ये धीर धरावा.

दोन इशारे देतो. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ शेगडी किंवा बिडी नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून पसरून वाळवाव्यात. आणि हे काम पावसाळ्यात करू नये. एका जुलै महिन्यात मी टेबलाला पॉलिश केले आणि त्यावर पांढुरकी झाक आली. चपडीत भेसळ आहे म्हणून मी दुकानदाराशी भांडलो. चूक माझी होती. हवेतला दमटपणा पॉलिशच्या थरात अडकला होता. आजचे हे वसंताचे कोरडे दिवसच या कामाला योग्य.

आता कादंबरीकडे वळू. ‘कादंबरी’ हे मुळात एका पुस्तकाचे नाव. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात लिहिलेल्या कथेचे ते नाव आपण साऱ्या प्रकाराला दिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चा निर्देश केला जातो; ती १८५७ सालची. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. मी जे वाचले ते वाचनालयाच्या बाकावर. म्हणून कोणी विचारले की कोठून सुरुवात करावी, तर मी समीक्षकाप्रमाणे न सांगता आपल्या ओळखीच्या माणसांकडून सुरुवात करा म्हणतो. गिरणीतील जीवन पाहायचे असेल तर मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ आहे. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर गेलेला तरुण मास्तर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) भेटतो. ज्यांची शाळा दीड दिवसाची म्हणतात त्या अण्णाभाऊ साठ्यांनी मुंबईत मजुरी केली आणि ‘फकिरा’ (१९५९) लिहिली. ज्यांना ‘आपल्याला काय कळणार पुस्तकातले’ असे वाटते, त्यांनी हे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

वाचण्याची रीतही पॉलिशसारखीच आहे. घाई केली की बिघडते. रोज वीस-पंचवीस पाने पुरेत. ‘करमणूक’चे वाचक एका प्रकरणानंतर आठवडाभर वाट पाहात, आणि त्या आठवड्यात घरोघरी त्या पात्रांची चर्चा होई. शेवट आधी पाहू नये. प्रत्येक पानात बोध शोधू नये. पात्रांची नावे गोंधळात टाकीत असतील तर चिठ्ठीवर टिपावीत. आणि जमेल तेथे मोठ्याने वाचावे. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुस्तक दुसऱ्यांदा वाचता येते.

या दोन छंदांत साम्य कोणते? दोन्हींत वरचा थर दूर करून खाली काय आहे ते पाहावे लागते. खुर्ची उलटी केली की खोबणीत एखाद्या सुताराच्या पटाशीची खूण दिसते. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, पण त्याची मेहनत तेथे आहे. आम्ही कामगार ‘श्रमाला प्रतिष्ठा’ असे म्हणतो. ती प्रतिष्ठा अशी हाताला लागावी लागते. आणि कादंबरी हेच माणसांच्या बाबतीत करते.

याचा अनुभव मला पंचविसाव्या वर्षी आला. तेव्हा मी ‘पण लक्षात कोण घेतो’ प्रथम वाचली. आपट्यांनी ती एका स्त्रीच्या तोंडून, तिचे आत्मवृत्त म्हणून सांगितली आहे. यमूच्या त्या हकिगतीने मला संपाचे ते वर्ष आठवले, आणि एकदम आई दिसली. वडिलांनी खुर्ची उजळली ते मी सर्वांना सांगत आलो. वडील वाचत ते सांगत आलो. पण त्या काळात आई पहाटे चार घरी पोळ्या करायला जाई आणि रात्री आमचे आटोपून पापड लाटीत बसे. घर चालले ते तिच्यावर. वडील वाचीत तेव्हा ती आत भांडी घाशीत असे, अर्धी गोष्ट तिच्या कानावर पडे, अर्धी नाही. त्या उजळलेल्या आरामखुर्चीत आई बसलेली मला एकदाही आठवत नाही. बारा तासांचे नऊ झाले, पण तिचे तास कोणत्याच कायद्याने मोजले नव्हते, आणि मीही मोजले नव्हते. हे मला कोणत्याही सभेतील भाषणाने शिकवले नाही. एका कादंबरीने शिकवले.

काही जण म्हणतील, हे सुखवस्तू लोकांचे छंद आहेत. हिशेब करून पाहा. चपडी, स्पिरिट आणि पॉलिशपेपर यांचा खर्च नव्या खुर्चीच्या मानाने किरकोळ. पुस्तकांसाठी तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था १८९८ पासून उभ्या आहेत, आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाची वाट करून दिली. तुटवडा आहे तो वेळेचा, आणि तो सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही.

म्हणून शेवटी एवढेच सुचवितो. घरी गेल्यावर माळ्यावरची ती जुनी खुर्ची खाली काढा. पाऊस पडण्यापूर्वी ती तयार होईल. वाचनालयातून एक कादंबरी आणा. आणि खुर्ची तयार झाली की स्वतः बसण्याआधी घरात पाहा, बसायला ज्याला किंवा जिला कधीच वेळ मिळालेला नाही असे कोण आहे. त्या माणसाच्या हातचे काम एक तासभर आपण करा, आणि खुर्ची त्याला द्या.