मुका साक्षीदार आणि बोलका साक्षीदार

पिंजऱ्यात उभ्या साक्षीदाराने उत्तर द्यायला सरळ नकार दिला, तर? न्यायालय त्याला सात दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकते. गंमत अशी की सुटकेची किल्ली त्याच्याच खिशात असते: बोलायला तयार झाला की कोठडी संपली! भारतीय न्याय संहितेत हा नकार स्वतंत्र गुन्हाही आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. समन्स घेऊनही न फिरकणाऱ्याला झटपट दंड करता येतो. 1973च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात तो 100 रुपयांपर्यंत होता, 2024पासून 500. नगर जिल्ह्यातल्या जामखेडहून नगरच्या न्यायालयात जाण्यायेण्यात दिवस आणि मजुरी बुडते, ते पाहता दांडी अजूनही स्वस्तच म्हणायची.

पण हा मुका साक्षीदार प्रत्यक्षात क्वचितच भेटतो. फितूर होणारा साक्षीदार गप्प बसत नाही. तो वेळेवर येतो, शपथ घेतो आणि सांगतो, ‘मी काही पाहिलं नाही.’

उदाहरण जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचे. तिथे 28 एप्रिल 2014 रोजी 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. खटल्यात 26 साक्षीदार तपासले गेले, त्यातले निदान निम्मे उलटले. 23 नोव्हेंबर 2017 रोजी नगरच्या सत्र न्यायालयाने नऊ आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

उलटणे इतके सोपे कसे? पोलीस जबाब लिहून घेतात, पण त्यावर साक्षीदाराची सही घ्यायला कायद्याचीच मनाई आहे. धाकदपटशाने सही घेतली जाईल ही भीती त्यामागे आहे, आणि ती खोटी नाही. जबाब शपथेवरही नसतो. मग सरकारी वकील आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतात, जबाबातले वाक्य वाचून दाखवतात. साक्षीदार म्हणतो, ‘असं मी सांगितलंच नव्हतं. पोलिसांनी का लिहिलं, सांगता येत नाही.’ खोटी साक्ष दिल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे खरी, पण त्याचे शपथेवरचे विधान एकच, तेही आताचे. ते खोटे ठरवायचे कशाच्या बळावर?

2024पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने इथेच पाचर मारली आहे. दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्याने नोंदवलाच पाहिजे; तो शपथेवर घेण्याचा अधिकारही त्याला आहे. तसा घेतला आणि साक्षीदार पुढे उलटला, तर शपथेवरची दोन विधाने समोरासमोर उभी राहतात. तरी खोट्या साक्षीची फिर्याद पोलीस करू शकत नाहीत. न्यायालयालाच ती करावी लागते.