एक तळं, अनेक ताटं

तळ्यातला मासा म्हटलं की किनारपट्टीचे खवय्ये नाक मुरडतात. ‘चिखलाचा वास मारतो’ हा त्यांचा ठरलेला शेरा. आकडे मात्र त्यांच्या बाजूचे नाहीत. 2022-23 मध्ये देशात सुमारे 175 लाख टन मासळी निघाली आणि त्यातली 131 लाख टन समुद्रातली नव्हती. ती आली तळी, धरणं, नद्या आणि कोळंबीच्या शेतांतून. एकाच पाण्यावर किती पोटं भरू शकतात, याचे हे काही नमुने.

तिघांच्या पंगती वेगळ्या

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव टिपतो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खाली, त्यामुळे तळाचा कुजका पाला त्याच्या वाट्याला. तिघं एकाच तळ्यात सोडले तरी भांडण नाही. जोडीला गवत्या असेल तर तो गवत फस्त करतो आणि त्याच्या विष्ठेवर बाकीच्यांचं अन्न पिकतं. पूर्वी साचलेल्या पाण्यातून हेक्टरी सरासरी 600 किलो मासा निघायचा. अशा मिश्र संवर्धनामुळे आता तो आकडा तीन टनांच्या घरात गेला आहे.

संसार तळ्यात, बाळंतपण नदीत

रोहू-कटला तळ्यात मजेत वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे बीज पुरातून गाळून आणावं लागे, आणि त्यात नको ते भक्षक मासेही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन दिलं आणि माशांनी नदीविना अंडी घातली. म्हणूनच 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन.

याचा खरा फायदा झाला तो छोट्या तळेवाल्यांचा. एक किलोची मादी लाखाच्या वर अंडी देते. आधी बारीक पिल्लं म्हणजे मत्स्यजिरे, मग बोटभर लांबीची बोटुकली. जिऱ्यापासून बोटुकली तयार व्हायला दोन-तीन महिने पुरतात. म्हणजे उन्हाळ्यात आटणारं गावतळंही धंद्याला चालतं. त्यात बोटुकली वाढवायची आणि मोठ्या तलाववाल्यांना विकायची.

पाण्याला शेणाचं खत

शेतकरी तळ्यात चुना आणि शेण टाकतो ते पाणी हिरवं व्हावं म्हणून. हा हिरवेपणा म्हणजे सूक्ष्म वनस्पती, माशांचं फुकटचं अन्न. चाचणी हातानेच करायची. कोपरापर्यंत हात बुडवला आणि तळवा अंधूक दिसला तर पाणी जमलं. तळवा स्वच्छ दिसला तर मासे उपाशी. मुळीच दिसला नाही तर हिरवेपणाचा अतिरेक, आणि मग पहाटे धोका. रात्रभर या वनस्पतीही श्वास घेतात, प्राणवायू आटतो आणि सूर्योदयाच्या सुमाराला मासे वर येऊन तोंड वासू लागतात. अशा वेळी ताजं पाणी सोडावं किंवा आहे ते घुसळावं. पिशवीभर महागडं खाद्य ओतण्याआधी हे हिशेब कळले तर खर्च वाचतो.

राजाने लिहिली माशांची पाककृती

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहायला बसला आणि त्यात मासेमारीच्या छंदावर अख्खं प्रकरण घातलं. कोणत्या माशाला काय खाऊ घालायचं तेही त्यात आहे: तिळाचे गोळे, भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचे गोळे. आजचा मत्स्यशेतकरी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा देतो. नऊशे वर्षांत मेनू फारसा हलला नाही.

कोहळींनी बांधलं, ढिवरांनी जगवलं

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत काही हजार माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ते धानासाठी बांधले. त्याच पाण्यात ढिवर समाज मासे धरी, शिंगाडा लावी. धान एकाचं, मासा दुसऱ्याचा, पाणी गावाचं. 1950 नंतर मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ साचला आणि काठावर बेशरम हे तण माजलं. मग फक्त बाहेरून आणलेलं बीज सोडायचं आणि जाळं ओढायचं, एवढंच उरलं.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन उलटी वाट धरली. बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या. या कामात बायका पुढे होत्या. कारण साधं आहे: माशांना लपायला आणि अंडी घालायला झाडोरा लागतो. तो आला की मरळ, शिंगी यांनाही घर मिळतं, आणि या माशांना बाजारात रोहूपेक्षा चढा भाव असतो.

डबक्याला जागतिक पुरस्कार

आंध्रात जन्मलेले मोडदुगू विजय गुप्ता बांगलादेशात गेले आणि तिथल्या गरीब बायकांना रस्त्याकडेच्या खड्ड्यांत, पडीक डबक्यांत मासे वाढवायला शिकवलं. 2005 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला.

2021 मध्ये तोच पुरस्कार शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांना मिळाला. त्यांचा नायक होता बोटभर लांबीचा ‘मोला’ मासा. तळ्यात नको म्हणून लोक त्याला विष घालून मारत. त्यांनी दाखवलं की तो ‘अ’ जीवनसत्त्वाचा खजिना आहे आणि डोक्या-काट्यासकट खाल्ला की कॅल्शियमही मिळतं. मग एकाच तळ्यात दोन पिकं आली: मोठे मासे बाजारात, मोला घरच्या पोरांच्या ताटात. मोठा मासा विकून पैसा येतो, पण घरातली बाळंतीण त्याचा तुकडा क्वचितच चाखते. छोट्या माशावर व्यापाऱ्याची नजर नसते, हाच त्याचा गुण.

सांडपाण्यावर चाललेलं शहर

कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे 12,500 हेक्टर पाणथळ जागा आहे. 2002 पासून ती रामसर यादीत आहे. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत, म्हणजे ‘भेरीं’मध्ये येतं, ऊन आणि शेवाळ ते साफ करतात, शेवाळ मासे खातात आणि मासे कोलकातेकर. हजारोंना रोजगार मिळतो, तोही शुद्धीकरण केंद्राच्या विजेच्या बिलाविना.

हे पाहुणे नकोत

थाई मागूर भराभर वाढतो, घाण पाण्यातही जगतो आणि दिसेल ते खातो. देशात 2000 पासून त्याच्यावर बंदी आहे, तरी चोरटी तळी निघतात आणि मत्स्य विभाग ती नष्ट करतो. उजनी धरणातही चिलापी या बाहेरच्या मासळीने पाय पसरले. भिगवणच्या ढाब्यावर ती तळून चविष्ट लागते, पण स्थानिक माशांची जागा तिने अडवली हेही खरं. तळं पुरात फुटलं की मासा नदीत जातो, हे बीज निवडतानाच ध्यानात ठेवावं.

खिशाचं गणित

2020 च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठरलं. किसान क्रेडिट कार्ड मत्स्यशेतकऱ्यालाही मिळतं. 2025 मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. ज्याचं शेततळं आधीच आहे, त्याला पाण्याचा वेगळा खर्च नाही. फक्त दोन गोष्टी पाहायच्या. प्लास्टिकच्या अस्तरावर मातीचा तळ नसतो, तिथे मृगळाचं पोट भरत नाही. आणि उन्हाळ्यात बागेला पाणी सोडण्याआधी मासा विकून मोकळं व्हायचं.

पुढच्या वेळी बाजारात रोहूचा कल्ला उचलून पाहा. लालभडक असला तर विचारा, ‘कुठल्या तळ्याचा?’ बरेचदा उत्तर येईल, ‘आंध्राचा, बर्फातला.’ पण जवळच्या गावाचं नाव ऐकू आलं, तर घासाघीस जरा आवरती घ्या.