कॅथेटरचे टोक आणि हृदयाची भिंत

निरोगी हृदयाचे स्पंदन उजव्या अलिंदात उगम पावणाऱ्या सूक्ष्म विद्युत्संदेशाने चालते. काही रोग्यांत हा संदेश आडवाटेने फिरू लागतो किंवा भलत्याच स्थानी उत्पन्न होतो. मग नाडी अतिवेगाने वा अनियमितपणे धावते. १९८२ साली छाती न उघडता, शिरेतून हृदयात सरकविलेल्या कॅथेटर नामक बारीक नळीने विजेचा झटका देऊन संदेशाचा मार्ग खंडित करण्यात आला.

पुढे झटक्याऐवजी सेकंदाला सुमारे पाच लाख आवर्तनांचा प्रवाह वापरात आला. तो टोकालगतचा पातळ थरच प्रत्यक्ष तापवितो; त्याहून खोल उष्णता वहनाने पोहोचते. ऊतक सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले म्हणजे कायमचे मृत होते. परंतु टोक भिंतीवर नीट टेकले नसेल, तर वाहते रक्त उष्णता हरण करते. मग पेशी केवळ सुजतात. संदेश तात्पुरता थांबतो आणि सूज ओसरताच रोग परतू शकतो. उलट, दाब फार झाला तर भिंतीला छिद्र पडण्याचे भय असते.

स्पंदनाने व श्वासाने सतत हलणाऱ्या भिंतीवरील हा दाब पूर्वी हाताच्या अंदाजाने व क्ष-किरणांच्या साहाय्याने ओळखावा लागे. आता काही कॅथेटरांच्या टोकातील संवेदक तो ग्रॅमांत दर्शवितो. साधारणतः १० ते ४० ग्रॅम भार योग्य मानतात. दहा रुपयांची दोन-तीन नाणी तळहातावर ठेवून पाहावी. एवढ्याशा भारावर रोग्याचे बरे होणे पुष्कळसे अवलंबून असते.