टंगस्टनचें टोंक कां वितळतें?

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टींत वालूर येथें आपल्या घरीं आला असतां मला भेटावयास आला. तो एका छोट्या कारखान्यांत दुधाचीं स्टेनलेस पोलादाचीं भांडीं जोडण्याचें काम करितो. त्याचा चेहरा उतरलेला होता. विचारपूस करितां त्यानें खिशांतून कागदाची पुडी काढून टंगस्टनच्या तीन कांड्या माझ्यापुढें ठेविल्या.

"सर, टोंक घासून लावतों न लावतों तोंच वितळून त्याचा गोळा होतो. मालक म्हणतात, तुझा हातच वाईट. कांड्यांचे पैसे पगारांतून कापले जातात. असेंच चाललें तर घरीं बसावें लागेल."

मी कांहीं वेल्डर नव्हे. पदार्थविज्ञान शिकविणारा मास्तर. तरी कांड्यांवरून रोग थोडाबहुत ओळखतां येण्याजोगा होता.

टंगस्टन सुमारें ३४२० अंश सेंटिग्रेडास वितळतो. इतकी उष्णता सोसणारा दुसरा धातु नाहीं. म्हणूनच टिग वेल्डिंगमध्यें त्याची कांडी स्वतः न वितळतां विजेची ज्योत धरून ठेविते, आणि भोंवतालचा आर्गॉन वायु तापलेल्या धातूस हवा लागूं देत नाहीं. ही रीत अमेरिकेंत रसेल मेरेडिथ यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठीं सिद्ध केली. त्यांनीं हेलियम वापरला होता.

असा चिवट धातु मग वितळला कां? एकाच दिशेनें वाहणाऱ्या विजेंत इलेक्ट्रॉन ऋण टोंकाकडून धन टोंकाकडे धांवतात, आणि जेथें जाऊन आदळतात तेथें अधिक उष्णता देतात. कांडी ऋण बाजूस असली म्हणजे सुमारें दोनतृतीयांश उष्णता कामाच्या पत्र्यास मिळते व कांडी तुलनेनें थंड राहते. तारा उलट जोडल्या कीं तोच भार कांडीवर पडतो. २.४ मिलिमीटर जाडीची कांडी ऋण बाजूस दीडशें ते अडीचशें अँपिअर सहज सोसते; धन बाजूस मात्र पंधरा ते तीस अँपिअरांतच तिची शक्ति संपते. म्हणजे येथें हात वाईट नसून जोडणी वाईट असण्याचा संभव अधिक.

परंतु प्रत्येक बिघाडाचें कारण हेंच असें समजूं नये. थंड झालेली कांडी काळी किंवा निळी दिसली तर वायूकडे पाहावें: नळी गळते काय, वारा लागतो काय, ज्योत विझल्यावर कांडी लाल असतांनाच वायु बंद होतो काय. टोंकास पत्र्याच्या धातूचा गोळा चिकटला असेल तर टॉर्च वितळलेल्या धातूस टेकला आहे. तेवढा भाग तोडून कांडी पुन्हां घासावी, आणि घासतांना रेषा कांडीच्या लांबीच्या दिशेनें पडाव्या, आडव्या नव्हेत. ज्योत इकडेतिकडे भटकत असेल तर गंजलेल्या पत्र्यावर लावलेला अर्थचा चिमटाही दोषी असूं शकतो.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. त्यावरील ऑक्साइडचा थर २००० अंशांहून अधिक तापमानास वितळतो, आणि खालचा धातु ६६० अंशांसच. तो थर उडविण्यासाठीं दिशा पालटणारी वीज वापरितात, आणि तींत टोंकास थोडा गोलावा येणें साहजिक आहे.

लाल पट्ट्याच्या कांड्यांत थोरियम असतें. तें किरणोत्सर्गी असल्यामुळें घासतांना धूळ नाकांत जाऊं देऊं नये. निळ्या पट्ट्याच्या लँथॅनमवाल्या कांड्या त्याहून निर्धोक. हें मीं त्यास दोनदां बजाविलें, कारण तोंडावर फडकें बांधण्याची त्यास लाज वाटत होती.

माझी शंका विचारतां तो एकदम म्हणाला, "सर, रात्रपाळीचे लोक त्याच यंत्रावर रॉडचें वेल्डिंग करतात!" मग कोडें उरलें नाहीं. रॉडच्या कामांत होल्डर बहुधा धन खुंटीस लावितात. सकाळीं त्याच खुंटीवर टॉर्च लावला जात असे. यंत्र बंद करून टॉर्च ऋण खुंटीस व अर्थची तार धन खुंटीस लावावी आणि रद्दी पत्र्यावर कमी विजेनें पाहावें, असें मीं सांगितलें.

चार दिवसांनीं त्याचा फोन आला. एकच कांडी सबंध आठवडाभर पुरेल अशी चिन्हें आहेत, म्हणाला. कापलेले पैसे मात्र अद्याप परत मिळालेले नाहींत.