जराराकाचे विष आणि रिबेइरांव प्रेतूचे गुरुकुल

रक्तदाबाची गोळी रोज नेमाने घेणाऱ्या ज्येष्ठांपैकी ज्यांच्या औषधाचे नाव 'प्रिल' या अक्षरांनी संपते, त्यांच्या त्या गोळीची वंशावळ ब्राझीलमधील जराराका नावाच्या विषारी सापापर्यंत पोहोचते. आणि त्या वंशावळीच्या मुळाशी मौरिसियो रोशा-ए-सिल्वा हा औषधशास्त्राचा अध्यापक उभा आहे.

1910 साली रिओ द जानेरो येथे जन्मलेला हा गृहस्थ वैद्यकाची पदवी घेऊन साव पावलो येथील जीवशास्त्र संस्थेत आला. सर्पविषाच्या अभ्यासाची परंपरा त्या नगरात आधीच रुजलेली होती. कोब्राच्या विषावर तयार केलेली रक्तलस ब्राझीलच्या सापांच्या विषावर निष्प्रभ ठरते, हे व्हिताल ब्राझील या संशोधकांनी सिद्ध केले होते आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली बुतांतान संस्था 1901 पासून प्रतिविषे तयार करीत होती. रोशा-ए-सिल्वा यांचा प्रश्न मात्र निराळा होता. दंश झालेल्या माणसाचा रक्तदाब एकाएकी का कोसळतो, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. विषामुळे शरीरातून हिस्टामिन सुटते, असे तेव्हाचे सर्वसाधारण अनुमान होते आणि ते स्वतःही त्याच दिशेने विचार करीत होते.

1948 साली विल्सन बेराल्दो आणि बुतांतानचे गास्तांव रोझेनफेल्द यांच्यासह त्यांनी जराराकाचे विष टोचलेल्या कुत्र्याचे रक्त गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर घातले. हिस्टामिनची क्रिया रोखणारी औषधे देऊन तो तुकडा आधीच तयार केलेला होता, म्हणजे आकुंचनाची नोंद करणारी रेषा स्थिर राहावयास हवी होती. परंतु काजळी धरलेल्या फिरत्या कागदावरची ती रेषा सावकाश, आळसावल्यासारखी वर चढत गेली. हिस्टामिनमुळे आतडे झटकन आकुंचन पावते, हे आकुंचन मात्र मंद होते. ग्रीक भाषेतील 'मंद' आणि 'हालचाल' या शब्दांवरून त्यांनी या नव्या द्रव्याला 'ब्रॅडिकायनिन' असे नाव दिले. ते विषात नव्हतेच. विषातील किण्व (एन्झाइम) रक्तातल्याच प्रथिनाचे विघटन करून ते मुक्त करीत होते, आणि ट्रिप्सिन या पाचक किण्वानेही तेच घडत होते. दंश करणारा साप बाहेरचा, पण घात करणारे द्रव्य देहातले, ही गोष्ट मला त्या सबंध शोधातली सर्वांत विलक्षण वाटते.

1957 साली रिबेइरांव प्रेतूच्या वैद्यक विद्यालयात औषधशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे विद्यालय 1952 मध्ये झेफेरिनो व्हाझ यांच्या अखत्यारीत सुरू झाले होते. मूलभूत विषयांच्या अध्यापकांनी खासगी व्यवसायामागे न लागता पूर्ण वेळ विद्यार्थ्यांना आणि प्रयोगशाळेला द्यावा, असा तेथील शिरस्ता होता. औषधांची नावे व मात्रा घोकून घेणारे वर्ग पुष्कळ असतात. येथे अध्यापकाचा स्वतःचा अनुत्तरित प्रश्न हाच शागिर्दाचा पाठ होत असे, आणि अध्यापनातील नवलाई म्हणून मला तरी याहून मोठी गोष्ट सांगता येणार नाही. विज्ञानाला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळावी म्हणून 1948 मध्ये स्थापन झालेल्या ब्राझीलच्या विज्ञान-प्रगती संस्थेच्या संस्थापकांतही ते होते, याचा उल्लेख येथे ओघानेच येतो.

त्या तालमीतलाच सेर्जिओ फेरेइरा. ब्रॅडिकायनिन शरीरात क्षणार्धात नष्ट होते, ही गुरूची अडचण त्याने आपलीशी केली. जराराकाच्याच विषात त्या द्रव्याचा प्रभाव वाढविणारा घटक आहे, असे त्याने 1965 साली प्रसिद्ध केले, आणि तो घटक असलेला विषाचा अर्क घेऊन तो लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेला. तेथे वाय. एस. बखले यांनी (या आडनावाशी मराठी वाचकाची नजरभेट होताच तो क्षणभर थांबल्यावाचून राहणार नाही) 1968 मध्ये दाखविले, की हा अर्क कुत्र्याच्या फुप्फुसातील अँजिओटेन्सिन-रूपांतरक किण्वाचे काम थांबवितो. रक्तदाब वाढविणारे अँजिओटेन्सिन घडविणारे आणि तो उतरविणाऱ्या ब्रॅडिकायनिनचा नाश करणारे किण्व एकच निघाले! विषातून मिळालेला नऊ अमिनो आम्लांचा टेप्रोटाइड परिणामकारक होता, पण तो पोटात घेऊन उपयोग नव्हता, सुईनेच द्यावा लागे. तेव्हा स्क्विब कंपनीतील कुशमन व ओन्देत्ती यांनी त्या किण्वाच्या घडणीचा तर्क बांधून तोंडाने घेता येईल असा लहानसा रेणू रचला. तेच कॅप्टोप्रिल, 1981 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 1983 मध्ये, रोशा-ए-सिल्वा निवर्तले.