लिफाफ्यात मावणारी फुले

हाताने केलेले शुभेच्छापत्र आणि हाताने शिवलेली लहानशी भेटवस्तू यांची नोंद बहुधा फावल्या वेळाचे छंद म्हणून होते, आणि त्यामुळे या दोन्ही वस्तूंचे रूप ज्या व्यवहाराने घडवले त्या टपालाच्या व्यवहाराकडे दुर्लक्ष होते. दाबून वाळवलेले फूल, कागदावर टाक्यांनी काढलेली वेल, सुया ठेवण्याचे कापडी पुस्तक, वाळ्याची चपटी पिशवी, राखी या साऱ्या वस्तू हलक्या आणि चपट्या असतात, आणि दूरच्या माणसाच्या हाती पडेपर्यंत त्यांना प्रवास सोसावा लागतो. त्यांच्या घडणीतले बहुतेक नियम याच गरजांतून आले आहेत.

पत्रासोबत काही जोडून पाठवणे सामान्य माणसाला परवडू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. त्याआधी इंग्लंडमध्ये पत्राचे शुल्क अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारले जाई, ते बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावे लागे, आणि लिफाफा हाही एक वेगळा कागद धरला जात असल्यामुळे लोक पत्राच्याच कागदाची घडी घालून ती लाखेने बंद करीत. रोलंड हिल यांनी आग्रहाने मांडलेल्या सुधारणेनुसार १८४० मध्ये अर्ध्या औंसापर्यंतच्या, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम वजनाच्या, पत्राला देशभर एकच पेनी लागू लागली आणि कागद मोजण्याऐवजी वजन पाहिले जाऊ लागले. त्याबरोबर जाळीदार कागद, रेशमी फीत, एखादे वाळलेले फूल लिफाफ्यात सरकवण्याची मोकळीक मिळाली. हिंदुस्थानातही १८५४ मध्ये अंतराचा विचार न करता हलक्या पत्राला अर्धा आणा असा दर ठरला.

या सुधारणेत हिल यांना साहाय्य करणारे हेन्री कोल यांनीच १८४३ मध्ये जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र तयार करून घेतले, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या गावी एस्थर हाउलंड या तरुणीने आयात केलेला जाळीदार कागद, रंगीत कागदाचे कपटे आणि फुलांची चित्रे वापरून प्रेमदिनाची शुभेच्छापत्रे करण्यास आरंभ केला. तिच्या वडिलांचे कागद-पुस्तकांचे दुकान होते, त्यामुळे माल हाताशी होता. मैत्रिणींना घरी बोलावून तिने कामाची वाटणी केली, एकीने कातरायचे, दुसरीने चिकटवायचे, तिसरीने मांडणी करायची, आणि या घरगुती कामातून पुढे रीतसर व्यवसाय उभा राहिला. हाताने केलेली वस्तू म्हणजे एकाच व्यक्तीने एकांतात केलेली वस्तू, ही आजची समजूत हाउलंडच्या टेबलाभोवतीचे काम पाहता टिकत नाही.

पत्रातून फूल पाठवण्याची कल्पना मात्र वनस्पतिशास्त्राकडून आली असावी असे मानण्यास जागा आहे. वनस्पती दाबून, वाळवून, कागदावर बसवून जपण्याच्या पद्धतीचे श्रेय सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य लुका घिनी यांना दिले जाते. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणजे वनस्पतिसंग्रह म्हणतात, आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम हा त्याच परंपरेतला आपल्याकडचा मोठा संग्रह आहे. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत शाळकरी मुलींच्या शिक्षणाचा भाग बनली. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिने मुलगी असतानाच केलेल्या वहीत ४२४ नमुने आहेत. ती वही आज हार्वर्ड विद्यापीठात जपलेली आहे, आणि पुढे आयुष्यभर डिकिन्सन आपल्या पत्रांतून फुले पाठवीत राहिली. जेरुसलेममध्ये तर यात्रेकरूंसाठी तिथली रानफुले वाळवून, कार्डांवर चिकटवून, ऑलिव्हच्या लाकडाची वेष्टने असलेल्या वह्यांतून विकली जात. महाराष्ट्रात दसऱ्याच्या पत्रात आपट्याचे पान घालण्याची जी रीत होती, तिच्यामागे असे कोणतेही शास्त्र शिकवलेले नव्हते. तरीही चपटे, चिवट, सहज वाळणारे आणि प्रवासात न कुजणारे पान त्या रीतीने अचूक निवडले होते.

फूल वाळवणे म्हणजे त्यातील पाणी कुजण्याआधी बाहेर काढणे. पाकळीच्या पेशी मरताना त्यांच्यातील विकरे, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिने, हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने पाकळीतील द्रव्ये तपकिरी करू लागतात, त्यामुळे पाणी जितके लवकर निघेल तितका रंग अधिक वाचतो. म्हणूनच फुले पावसात भिजलेली किंवा दवाने ओली असताना तोडू नयेत. ऊन चढून दव सुकल्यावर, पण फूल कोमेजण्याआधी ती घ्यावीत. टीपकागदाच्या दोन थरांत फुले एकमेकांना न लागतील अशी मांडावीत, वर जाड पुस्तके किंवा फळी आणि दगड ठेवावा, आणि पहिले तीन-चार दिवस टीपकागद रोज बदलावा. हा कागद बदलण्याचा कंटाळा हेच बहुतेक फसलेल्या कामांचे कारण असते, कारण ओला झालेला कागद पाणी शोषत नाही, उलट ते फुलाशी धरून ठेवतो आणि बुरशीला आमंत्रण देतो. कोरड्या हवेत दोन-तीन आठवड्यांत फूल तयार होते. कोकणात पावसाळ्यात मात्र केवळ वजनावर विसंबता येत नाही, तिथे टीपकागदात ठेवलेल्या फुलावरून वाफ बंद केलेली कोमट इस्त्री थोडा थोडा वेळ दाबणे हिताचे. फूल पुरते वाळले की नाही हे ओठाला किंवा गालाला लावून पाहता येते, कारण आत ओल उरली असेल तर ते गार लागते.

सर्व फुले सारखी वागत नाहीत. पिवळा आणि केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्ये वाळण्याच्या काळात बऱ्यापैकी टिकतात, तर लाल, जांभळा आणि निळा रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये पेशीतील आम्लता बदलताच आपली छटा बदलतात, म्हणून लालभडक फूल काळसर निघते. पांढऱ्या फुलात पांढरे असे रंगद्रव्य नसते. पाकळीतील हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांवरून उजेड विखुरतो म्हणून ती पांढरी दिसते, आणि दाबल्यावर त्या पोकळ्या बुजल्या की ती पारदर्शक होते. पारिजातकाच्या फुलात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात: पांढऱ्या पाकळ्या पिवळसर तपकिरी होतात, आणि केशराच्या रंगाशी नाते असलेला देठ मात्र आपला नारिंगी रंग धरून राहतो. जास्वंद चिकट द्रवामुळे कागदाला धरते आणि सोडवताना फाटते. गुलाब अख्खा दाबण्यापेक्षा त्याच्या पाकळ्या सुट्या करून वाळवाव्यात आणि कार्डावर पुन्हा जुळवाव्यात. नवशिक्याने बोगनवेलीपासून आरंभ करावा, कारण तिचा रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत; ती फुलाभोवतीची रंगीत पाने, वनस्पतिशास्त्राच्या भाषेत छदे, असतात आणि मुळातच कागदासारखी पातळ व कोरडी असतात.

कॉसमॉससारख्या फुलात वेगळी अडचण येते. त्याचा मधला गोंडा जाड असल्याने सगळे वजन त्यावर पडते, भोवतालच्या पाकळ्यांवर दाब येत नाही आणि त्या सुरकुततात. यावर जुना आणि नामी उपाय असा, की टीपकागदाच्या तुकड्याला गोंड्याएवढे भोक पाडून तो गळपट्टीसारखा गोंड्याभोवती बसवावा, म्हणजे पाकळ्यांखालची पातळी उंचावते आणि दाब सगळीकडे सारखा पडतो. एवढ्या लहान युक्तीने फूल जिवंत असतानाचा आपला गोल घेर राखते.

फुले कोठून घ्यावीत, याबाबत मात्र कोणतीही सवलत असू नये. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या क्षेत्रात आहे, आणि तिथले एकही फूल तोडणे हा गुन्हा तर आहेच, पण ज्या फुलांचे बी तिथेच पडून पुढच्या वर्षी उगवायचे असते त्यांच्या बाबतीत ते सरळ नुकसान आहे. कुंडीतली वर्बेना आणि फ्लॉक्स, परसातली फुलावर आलेली कोथिंबीर, रस्त्याकडेचे गवताचे तुरे यांतून सुंदर कार्डे होतात; कोथिंबिरीच्या छत्रीसारख्या फुलोऱ्याइतकी नाजूक रेषा बाजारातल्या महागड्या फुलातही सापडत नाही.

वाळलेले फूल बसवण्यासाठी कागद निवडताना त्याचे घटक पाहावेत. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन नावाचे द्रव्य राहते आणि त्याने कागद काही वर्षांत पिवळा व ठिसूळ होतो. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद या दोषापासून मुक्त असतो. पुण्यात शिवाजीनगर भागातील हातकागद संस्था १९४० पासून असा कागद बनवीत आली आहे. अशा कागदाची कातरलेली नसलेली, किंचित दातेरी कड कार्डाला शोभा आणते, म्हणून ती कापून सरळ करू नये. घडी घालण्याआधी सुरीच्या बोथट पाठीने पट्टीच्या आधाराने रेघ ओढून घेतली, म्हणजे जाड कागद फुटत नाही. चिकटवण्यासाठी पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद दातकोरणीच्या टोकाने फुलाच्या मागे दोन-तीन ठिकाणी टेकवणे पुरते. गव्हाच्या पिठाची खळ जुनी आणि चांगली खरी, पण तिला कसर लागते, आणि त्यावर उपाय म्हणून पुस्तकबांधणीवाले जो मोरचूद घालीत तो विषारी असल्याने घरच्या कामात वापरू नये. फुलावर प्लास्टिकचे आवरण चढवून घेण्याची प्रथा सध्या वाढली आहे. तिने टिकाऊपणा वाढत असला, तरी पाकळीचा पोत बोटांना कळेनासा होतो, आणि ज्यासाठी छापील कार्डाऐवजी हे कार्ड करण्याचे श्रम घेतले तेच हातचे जाते.

वनस्पतिसंग्रहात जाड देठ गोंदाने धरत नाही, म्हणून तो दोऱ्याने कागदाला शिवतात. फूल आणि सुई यांची ही जुनी जोडी पहिल्या महायुद्धाच्या काळात एका वेगळ्याच रूपात सर्वदूर पोहोचली. १९१४ ते १९१८ या काळात फ्रान्स आणि बेल्जियममधील स्त्रिया पातळ रेशमी जाळीच्या लांब पट्ट्यांवर पँझी, विसरू-नको-मला यांसारखी फुले आणि मित्रराष्ट्रांचे ध्वज भरतकामाने काढीत; त्या पट्ट्या नंतर कापून उठावदार पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवल्या जात आणि आघाडीवरचे सैनिक ही पोस्टकार्डे विकत घेऊन घरी पाठवीत. काहींच्या रेशमाला खिसा असे आणि त्यात आणखी एक चिमुकले कार्ड. भरतकाम मळू नये म्हणून ती बहुधा लिफाफ्यातूनच जात. ज्या गावांवर तोफांचा मारा चालू होता त्याच प्रदेशांतील स्त्रियांच्या पोटाला या टाक्यांनी आधार दिला, हे ती कार्डे हाती घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. इस्पितळात बरे होत असलेले ब्रिटिश सैनिकही हृदयाच्या आकाराच्या, भुश्याने भरलेल्या टाचणीच्या गाद्या मणी आणि टाचण्यांनी सजवून आप्तांना भेट देत. शिवण हे केवळ बायकांचे काम मानणाऱ्या काळातले हे पुरुषांचे हस्तकाम आहे.

कागदावर टाके घालताना कापडाची सवय आड येते. कापडातून सुई चुकीच्या जागी गेली तर धागे पुन्हा जुळतात, कागदाचे भोक मात्र कायमचे राहते. म्हणून नक्षी आधी पेन्सिलीने आखून, मऊ पाटावर कार्ड ठेवून, सर्व भोके सुईने पाडून घ्यावीत आणि मगच दोरा ओवावा. भोकांत तीन ते चार मिलिमीटर अंतर हवे, नाहीतर कागद तिकिटांच्या कडेसारखा त्या रेषेत फाटतो. देठासाठी उलट टीप, पाकळ्यांसाठी लेझी-डेझी आणि परागांसाठी गाठीचा टाका एवढे पुरते. मागच्या गाठी झाकायला आतून दुसरा कागद चिकटवावा.

शिवलेल्या भेटींत सर्वांत सोपी वाळ्याची पिशवी. शिंप्याकडे उरलेला खणाचा किंवा इरकलीचा तुकडा आधी धुऊन, रंग जातो का आणि कापड आटते का हे पाहून घ्यावे. साधारण वीस बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा उलट्या बाजूने दुमडून, कडेपासून एक सेंटिमीटर आत बारीक उलट टीप घालावी, चार सेंटिमीटर जागा उघडी ठेवावी, कोपऱ्यांतील जादा कापड तिरपे कातरावे आणि पिशवी सुलट करावी. वाळ्याची टोके खणातून बाहेर टोचतात, म्हणून त्याचे लहान तुकडे मलमलीच्या आतल्या पिशवीत भरणे आवश्यक आहे. कपाटात ठेवलेल्या अशा पिशवीचा वास मंदावला, तर वाळा बाहेर काढून त्यावर पाण्याचा हबका मारला आणि सावलीत सुकवला की तो पुन्हा दरवळतो. सुयांच्या पुस्तकाची पाने लोकरी कापडाची करावीत, कारण लोकरीतील स्निग्धांश सुईला गंजापासून काही अंशी राखतो. पाश्चात्त्य टाचणीच्या गादीला जोडलेली लहान लाल स्ट्रॉबेरी हीसुद्धा केवळ शोभेची नसून तिच्यात एमरीची भुकटी भरलेली असते, आणि तिच्यात खुपसून काढल्याने सुई साफ होऊन तिला धार येते. बाळंतविड्यातली कुंची, टोपरे आणि दुपटे हीही याच जातीची भेट. त्यांत जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचा तुकडा वापरण्याची पद्धत बाळाच्या कातडीला सोसणारी आणि म्हणून नव्या कापडापेक्षा श्रेष्ठ आहे.

टपालात टाकण्यापूर्वी काही खबरदारी घ्यावी लागते. एके काळी दिवाळीची शुभेच्छापत्रे लिफाफा न चिकटवता बुकपोस्टाने जात आणि त्यांतून वाळलेली पाकळी गळून पडण्याची भीती असे. आता लिफाफा बंदच करावा. फुलावर बटरपेपरचा तुकडा ठेवावा, कार्डाच्या दोन्ही बाजूंना पातळ पुठ्ठा द्यावा आणि शिवलेली वस्तू सोबत असेल तर ती फुलावर न येता त्याच्या शेजारी राहील असे पाहावे. श्रावणात टपालखाते राख्यांसाठी पाणी न शिरणारे लिफाफे विक्रीस ठेवते, ते फुलांच्या कार्डांनाही तितकेच उपयोगी पडतात. पत्ता मात्र लिफाफा रिकामा असतानाच लिहावा, कारण वरून टेकवलेल्या बॉलपेनच्या दाबाने आतली वाळलेली पाकळी चिरते.