बढत: घराची, रागाची आणि वाटेची

नवी मुंबईतील बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज ही मुद्दाम अपुरी बांधलेली वसाहत आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडको या नगरनियोजन संस्थेसाठी १९८३ ते १९८६ या काळात ती उभारली. साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड, सात घरांमध्ये एक सामाईक अंगण, आणि अशा तीन समूहांच्या मध्ये त्याहून मोठा चौक. शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. त्यामुळे पैसा आणि गरज जमेल तसे कोणीही आपले घर वाढवू शकतो आणि शेजारच्याला त्याचा त्रास होत नाही. आराखड्याने सुरुवात तेवढी ठरवली होती, पुढचे घर राहणाऱ्यांनी घडवायचे होते.

ख्यालगायकीत यालाच बढत म्हणतात. गायक एकेका स्वराभोवती रेंगाळत राग उलगडतो. किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांच्या अतिविलंबित लयीचा वारसा अमीर खाँ यांनी झूमरा तालात पुढे नेला. या लयीत एकेक आवर्तन इतके लांबते की ऐकणाऱ्याला समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहावी लागते. त्या वाट पाहण्यातच रागाचे रूप कानात ठसते. तार षड्ज लागतो तेव्हा त्याच्यामागे आधीच्या सगळ्या स्वरांचे वजन असते.

प्रवासात हीच गोष्ट वारी दाखवते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर मोटारीने एका दिवसात सहज कापता येते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी त्याला अडीच आठवड्यांहून अधिक काळ घेते. पुण्यात आणि सासवडला तर दोन-दोन रात्री थांबते. रिंगण, विसावे, मुक्कामावरची समाजआरती हे सारे वाटेवरच घडते. दि. बा. मोकाशी यांना ‘पालखी’ हे पुस्तक लिहिता आले, ते या वाटेवर स्वतः चालल्यामुळे.

नवी मुंबईला आज या संथ बढतीचे मोल सांगणे गरजेचे आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी मुंबईशी जोडणाऱ्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. या सोयी हव्याच होत्या. रोज दोन-दोन तास गाडीत अडकणाऱ्याला संथपणाचे कौतुक ऐकवणे निर्दयपणाचे ठरेल. मात्र वाचलेला वेळ घालवायला जागा लागते. आर्टिस्ट व्हिलेजमधील अनेक कौलारू घरांच्या जागी आता काँक्रीटचे मजले चढले आहेत. घरे वाढणार हे कोरियांनी गृहीतच धरले होते. अंगणे मात्र या रचनेचा प्राण आहेत, ती मोकळी राहिली पाहिजेत. विमानतळाभोवती नवी उपनगरे आखताना सिडकोने रस्त्यांच्या रुंदीइतकाच विचार अशा अंगणांचा करावा. त्याचा नमुना बेलापुरात चाळीस वर्षांपासून उभा आहे.